'अननोन प्लेजर्स' पहिल्यांदा ऐकताय? आधी बेसच्या मागे लागा

खडेबाजारातल्या एका हातगाडीवरून मी तो काळा टी-शर्ट घेतला तेव्हा त्याच्यावर काय छापलंय हे मला ठाऊक नव्हतं. छातीवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा, एकीखाली एक. काकूनं दोरीवर वाळत घालताना विचारलं, "हे काय रे, नांगरलेलं रान?" मी म्हटलं, "डिझाइन आहे." तिला पटलं नाही. खरं तर मलाही नाही.

दोन वर्षांनी कळलं की ते एका अल्बमचं कव्हर आहे. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडचा 'अननोन प्लेजर्स', जून १९७९. मग मोठ्या उत्साहानं लावला. कुठे, तर खानापूरच्या बसमध्ये, एका कानाचा इअरफोन मेलेला असताना. तिसऱ्या गाण्याला बंद केला. कुणीतरी कोंडलेल्या खोलीत पुटपुटतंय आणि बाहेर कुणी पिंप बडवतंय, एवढंच काय ते ऐकू आलं. पुढं वर्षभर मी 'रडकं आहे ते' असं सांगत फिरलो, तेही टी-शर्ट घालूनच.

हा अल्बम ऐकायची एक रीत आहे. ती माहीत नसेल तर पहिल्या फेरीत हाताला काही लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची दोन-चार पोरं मला अधूनमधून विचारतात, 'कुठनं सुरुवात करू?' त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथं लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, लांबवत नाही. जून १९७६ मध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड मँचेस्टरला वाजवायला आला. बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे दोन दोस्त त्या कार्यक्रमाला होते. तिथून निघाले ते बँड काढायचाच असं ठरवून, आणि हुकनं तर दुसऱ्याच दिवशी बेस गिटार, म्हणजे खालचे, जाड सूर काढणारी गिटार, विकत घेतली. पुढे गायला इयन कर्टिस आला, ड्रमवर स्टीफन मॉरिस. पंक म्हणजे तेव्हा वेग, आरडाओरडा आणि तीन कॉर्ड. त्या आगीवर पाणी न ओतता नुसती आच कमी केली, गाण्यात मोकळ्या जागा सोडल्या, गिटारला मागे बसवून बेसला पुढे आणलं, की जे तयार होतं त्याला पोस्ट-पंक म्हणतात. व्याख्या ढोबळ आहे, पण सुरुवातीला एवढी पुरते.

पहिली पायरी: ऐकायचं कशावर

फोनच्या स्पीकरवर नको. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झच्या आसपासचा सूर निघतो. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला तेवढ्या खाली उतरताच येत नाही. मग राहतं काय? झांजांची चुरचुर आणि लांबून येणारा आवाज. बसमध्ये माझं झालं ते हेच.

फार खर्च करायला सांगत नाही. कानात घट्ट बसणारे, वायरचे साधे इअरफोन चालतात. मात्र एक परीक्षा घ्या. 'शॅडोप्ले' हे गाणं लावा. ते बेसनंच सुरू होतं. इअरफोन बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम भरून आला तर समजा की रबराचं बोंडूक तुमच्या कानाच्या मापाचं नाही, ते बदला. बेसचे सूर एकामागोमाग वेगवेगळे ऐकू येत असतील, आपण ते गुणगुणू शकत असू, तर काम झालं. सगळं मिळून नुसतं 'घुंऽऽ' येत असेल तर फोनमधलं बेस बूस्ट चालू असणार. ते बंद करा.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे बेस म्हटलं की डोळ्यांपुढं डॉल्बी उभी राहते. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही. त्या रात्री कपिलेश्वर तळ्याच्या रस्त्यावर उभं राहिलं की बेस कानानं ऐकायचा नसतोच, तो बुक्कीसारखा छातीत बसतो. त्यातही मजा आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या बुक्कीला चाल नसते आणि या अल्बमात चाल बेसमध्येच आहे. डॉल्बीची अपेक्षा ठेवून बसलात तर दहा मिनिटांत 'हे तर मिळमिळीत आहे' म्हणाल.

दुसरी पायरी: वेळ

गाणी दहा, सगळं मिळून सुमारे ३९ मिनिटं. मूळ रेकॉर्डच्या दोन बाजू होत्या. एकीचं नाव 'आउटसाइड', दुसरीचं 'इनसाइड'. पहिल्या दिवशी पहिली पाचच गाणी ऐका, वीसेक मिनिटं होतात. शफल बंद. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये कार्यक्रमाचं रेकॉर्डिंगही जोडलेलं असतं, तिकडे इतक्यात जाऊ नका.

आपल्या भागाला एक सोय निसर्गानंच दिली आहे. जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, संध्याकाळी पाचलाच दिवा लावावा लागतो. हा अल्बम त्या पाच वाजताचा आहे. एप्रिलच्या भर दुपारी ऐकून मी पाहिलाय, काही केल्या लागत नाही.

तिसरी पायरी: फक्त बेस

इथं वेळ घालवा, बाकी पायऱ्या पटापट ओलांडल्या तरी चालतील.

पहिलं गाणं 'डिसऑर्डर'. आधी ड्रम येतात, मग बेस, त्यानंतर गिटार. बेस आला की त्याचं बोट धरा आणि गाणं संपेपर्यंत सोडू नका. गायक काय म्हणतोय तिकडे लक्ष द्यायचं नाही, गिटार कितीही ओरडली तरी वळून बघायचं नाही. गाणं संपल्यावर बेसची ओळ तोंडानं म्हणून बघा. येते! चार-चारची सरळ मोजणी आहे, भजनात ज्यानं केरवा धरलाय त्याला ती बसल्या जागी सापडेल.

इतका सहज गुणगुणता येणारा बेस आला कुठून? खुद्द हुकनं वेळोवेळी सांगितलेली गोष्ट अशी की सरावाच्या खोलीत गिटार वाजवणाऱ्या समनरचा अँप्लिफायर जबरदस्त मोठा वाजायचा आणि हुकचा स्वस्तातला. खालचे सूर वाजवले तर त्याचे त्यालाच ऐकू येईनात. म्हणून तो गळ्याकडून सरकत वरच्या पट्ट्यांवर, बारीक तारांवर गेला. भजनात टाळ फार झाले की बुवा वरची पट्टी धरतात, त्यातलाच प्रकार. त्या अडचणीतून बेसला गाता येऊ लागलं आणि गिटारला इतर उद्योगांसाठी मोकळीक मिळाली.

आपल्याला हे तसं परकं नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेच्या जत्रेला गेला असाल तर जोगतिणींचं चौंडकं ऐकलं असेल. काखेत धरलेलं लाकडी नळकांडं, खाली कातडं, त्यातून निघालेली एक तार. डाव्या हातानं तार ताणायची, सैल सोडायची आणि उजव्या हातानं छेडायची. 'बुंग, बुऽऽवंग'. ठेका तेच धरतं आणि सूरही तेच वळवतं. त्यावर तुणतुण्याची एकसुरी टिणटिण. लहानपणी आजीबरोबर डोंगरावर जायचो तेव्हा देवळापेक्षा मला त्या 'बुवंग'चं वेड जास्त होतं. 'शीज लॉस्ट कंट्रोल'चा बेस पहिल्यांदा नीट ऐकला तेव्हा मला चौंडकंच आठवलं. हुकनं ते ऐकलेलं असणं शक्य नाही, हे मलाही कळतं. पण खालून येणारं वाद्य नुसता आधार न देता पुढं होऊन बोलतं, याची सवय आपल्या कानांना आहे. ती इथं वापरा.

बेस पकडायला सोपी गाणी माझ्या मते या क्रमानं: 'शीज लॉस्ट कंट्रोल', 'डिसऑर्डर', 'शॅडोप्ले'. हे तीन जमले की 'न्यू डॉन फेड्स'. यात बेस पायऱ्या उतरत येतो आणि गिटार चढत जाते, आरोह-अवरोह एकाच वेळी, आणि दोघं गाणंभर तेच ते पुन्हा पुन्हा वाजवतात. स्वरांत काही बदलत नाही, तरी शेवटाकडे जाता जाता छाती भरून येते. कसं, ते दोन-तीनदा ऐकल्यावर तुमचं तुम्हीच शोधा. मला अजून पूर्ण उलगडलेलं नाही.

चौथी पायरी: खोली ऐका

वडगाव, खासबागच्या गल्ल्यांमधून दुपारी चालत गेलात तर दाराआडचे माग ऐकू येतात. दारात उभं राहिलं तर नुसता गोंगाट, बोललेलं ऐकू येत नाही. तीन घरं पुढं जा. आता गोंगाट गाळला जातो आणि उरतं ते 'खटाक-खट, खटाक-खट', मध्ये भिंत, मध्ये ओली हवा. अजून एक वळण घेतलं की जमिनीतून येणारी धडधड तेवढी उरते. माग तोच, आपण किती लांब आहोत यावर तो वेगळा ऐकू येतो.

निर्माता मार्टिन हॅनेटनं या अल्बमात हेच केलं. एप्रिल १९७९ मध्ये, मँचेस्टरला लागूनच असलेल्या स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत हे रेकॉर्डिंग झालं. मॉरिसला त्यानं ड्रमसेट एकत्र वाजवू दिला नाही, एक-एक ढोल, एक-एक झांज वेगळी करून घेतली, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात सांडायला नको. मग डिजिटल डिले हे आवाज किंचित उशिरानं परत ऐकवणारं, तेव्हा नवंकोरं असलेलं यंत्र वापरून प्रत्येकाला वेगळ्या अंतरावर उभं केलं. स्नेअर, म्हणजे सेटमधला कडक वाजणारा ड्रम, कानाजवळ फुटतो आणि त्याची सावली लांबच्या भिंतीवर पडते, असं वाटतं ते त्यामुळं. 'इनसाइट'ची सुरुवात ऐका, स्टुडिओतल्या लिफ्टची घरघर आणि दाराचा आवाज आहे. त्याच गाण्यात कर्टिसचा आवाज टेलिफोनच्या तारेतून घेतलाय, लांबचा वाटावा म्हणून. शेवटच्या गाण्यात काच फुटते ती खरी बाटली आहे.

बँडमधल्या दोघांना हे मुळीच आवडलं नव्हतं बरं का. स्टेजवर ते दणकून वाजवायचे. रेकॉर्ड हातात आली तेव्हा आपली ताकदच काढून घेतली असं हुक आणि समनरला वाटलं. मी हॅनेटच्या बाजूचा. दणकून वाजवणारे बँड त्या वर्षी गल्लोगल्ली होते.

तर दुसऱ्या फेरीत हे करायचं: डोळे मिटून प्रत्येक आवाज किती लांबून येतोय ते ठरवायचं. बेस हाताच्या अंतरावर. ड्रम खोलीच्या दुसऱ्या टोकाला. गिटार बहुधा शेजारच्या खोलीत, 'कँडिडेट'मध्ये तर चक्क गल्लीच्या तोंडाशी. 'कँडिडेट' नव्या माणसाला रिकामं वाटतं, कारण त्यात ड्रम आणि बेस सोडून जवळ काहीच नाही. मला तेच आता सगळ्यात आवडतं.

खासबागेत माझ्या मामाचे माग आहेत. एकदा संध्याकाळी, कांड्या भरून झाल्यावर, त्यांनी विचारलं, "काय ऐकायलास रे एवढं?" मी एक इअरफोन दिला. 'शीज लॉस्ट कंट्रोल' चालू होतं. बराच वेळ ऐकून म्हणाले, "धोटा येतोय-जातोय बघ. पट्टा जरा सैल हाय." मग म्हणाले, "पण हा माणूस एवढा लांब कशाला उभारलाय? कुणी आत घेईना काय त्याला?"

अल्बमबद्दल मी जेवढं वाचलंय त्यात यापेक्षा नेमकं बोललेलं मला आठवत नाही. मामांना मी नंतर सांगितलं की मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं गाव, कर्टिस आणि मॉरिस ज्या मॅकल्सफील्डचे ते रेशीम विणणाऱ्यांचं गाव, आणि ही पोरं सराव करायची तेही एका जुन्या गिरणीच्या इमारतीत. तोवर तिकडच्या बहुतेक गिरण्या बंद पडलेल्या. मामा म्हणाले, "मग बरोबर हाय की." आणि उठून दिवे मालवायला गेले.

पाचवी पायरी: आवाज आणि शब्द

कर्टिसचा आवाज खर्जातला, जाड. गोडवा शोधू नका. तो सुरात तरंगत नाही, सुरावर पाय रोवून उभा राहतो. पहिल्या दोन फेऱ्यांत शब्द वाचू नका असं मी सांगेन. इंग्रजी कळत नाही याची लाज तर अजिबात नको. कानडी पदं आपण जन्मभर अर्धी समजून, अर्धी न समजून ऐकत आलोय, आणि डोळ्यांत पाणी यायचं थांबलेलं नाही.

तिसऱ्या फेरीला शब्द समोर घ्या. एका गाण्याची हकिकत माहीत असलेली बरी. कर्टिस मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात नोकरीला होता, अपंगांना काम मिळवून द्यायचं खातं. तिथं येणाऱ्या एका मुलीला अपस्माराचे झटके यायचे. 'शीज लॉस्ट कंट्रोल' तिच्यावरून सुचलेलं. नंतर त्याला स्वतःलाही अपस्मार असल्याचं निदान झालं, जानेवारी १९७९ मध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या तीनच महिने आधी. फिट आली की आपल्याकडे कांदा हुंगवतात, चप्पल नाकाला लावतात. ते करू नका. माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना गाठायचा. विषय निघाला म्हणून सांगितलं.

१८ मे १९८० ला, २३ व्या वर्षी, कर्टिसनं आत्महत्या केली. ही गोष्ट तुमच्या कानावर येणारच आणि ती आली की अख्खा अल्बम तिच्याच चष्म्यातून ऐकायचा मोह होतो. टी-शर्ट विकणाऱ्यांनी त्यावर पुष्कळ धंदा केला. मला तो चष्मा मान्य नाही. हे रेकॉर्डिंग झालं तेव्हा ती चार हसरी, खोडकर पोरं होती. अंधार त्यांनी रचला, मेहनतीनं, आणि रचताना बहुधा मजाही केली. तुमचं स्वतःचं मन खाली गेलेलं असेल तर मात्र हा अल्बम रात्री एकट्यानं लावून बसू नका, कुणाशी तरी बोला. घरात बोलण्यासारखं कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास.

सहावी पायरी: सगळं एका बैठकीत

आता ३९ मिनिटं सलग. काही इशारे. 'डे ऑफ द लॉर्ड्स' जड आहे, दुसऱ्याच गाण्याला दम लागतो, तेवढा सहन करा. 'वाइल्डरनेस' आणि 'इंटरझोन' मिळून पाच मिनिटांचीही नाहीत. 'इंटरझोन' मला या घरात चुकून शिरलेला पाहुणा वाटतो, त्यात हुकही गातो, जुन्या पंकचा वास येतो. ते येईल आणि जाईल. त्याच्या लगेच मागून 'आय रिमेंबर नथिंग' येतं, जवळजवळ सहा मिनिटं, इतकं संथ की बेसच्या दोन सुरांमध्ये बाहेरची पागोळी ऐकू येते. संपल्यावर लगेच दुसरं काही लावू नका. चहा ठेवा.

कव्हर हातात असेल तर आता बघा. पीटर सॅव्हिल या डिझायनरनं केलेलं, पुढच्या बाजूला बँडचं नाव नाही की अल्बमचं. त्या रेघा सीपी १९१९ या पल्सारच्या, म्हणजे ठरावीक वेळानं ठोका देणाऱ्या ताऱ्याच्या, स्पंदनांच्या आहेत, खगोलशास्त्राच्या एका कोशात छापलेल्या. असा तारा सगळ्यात पहिल्यांदा सापडला तो हाच, १९६७ मध्ये, जॉसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला. दर १.३३७ सेकंदाला एक ठोका, मिनिटाला साधारण ४५. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ज्या मोठ्या दुर्बिणी आहेत त्यांच्यावरही पल्सारचाच अभ्यास चालतो. काकूला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरी पण रानच दिसतंय."

यानंतर काय

याच बँडचा दुसरा अल्बम 'क्लोजर', जुलै १९८०, आधी नको. तो अधिक थंड आहे, महिनाभर थांबा. त्याऐवजी द क्युअरचा 'सेव्हन्टीन सेकंड्स' घ्या, तोही १९८० चा, अंधार तेवढाच पण धार कमी. गिटार जास्त हवी असेल तर सुझी अँड द बॅन्शीजचा 'जुजू', १९८१. आणि खऱ्या अर्थानं खोल बेस हवा असेल तर पब्लिक इमेज लिमिटेडचा 'मेटल बॉक्स', १९७९. मुळात पत्र्याच्या गोल डब्यात घालून विकलेला. त्यातल्या जा वॉबलचा बेस जमैकाच्या डब या बेसप्रधान संगीतातून आलाय, हुकच्या बरोबर उलटा: तळाला बसून राहणारा, जाडजूड, हलायचं नाव न घेणारा. त्याला इअरफोन पुरत नाहीत, सब-वूफर लागतो. खालच्या मजल्यावर घरमालक राहत असेल तर रात्री नऊच्या आत उरका.